दाराकडची चटई

१

संध्याकाळी एलुबेच्या चुलीवर न्सिमाचं भांडं चढलं की आख्ख्या वस्तीला तिची आठवण व्हायची. कुणाला विस्तव हवा, कुणाला मीठ, कुणाला नुसत्याच गप्पा. येणाऱ्याने अंगणाबाहेर उभं राहून ‘ओडी!’ म्हणायचं आणि घरातल्याने ‘ओडिनी!’ म्हटल्यावरच पाऊल आत टाकायचं, ही सरोवराकाठची रीत. कुंपण मोडलेलं असो, दाराला फळी नसो, ओडी म्हटल्याशिवाय कुणी आत येत नाही. आणि एकदा का घरातून ओडिनी आलं, की आलेल्याला उपाशी परत पाठवायचं नाही. एलुबेचे हात त्या वेळी कामात गुंतलेले असत. मक्याच्या पिठाची न्सिमा घट्ट व्हायला लागली की लाकडी पळीने ती सारखी घोटावी लागते, मान वर करायलाही फुरसत मिळत नाही. त्यामुळे कोण आलंय हे बघायच्या आधीच तिच्या तोंडून ओडिनी निघून जायचं.

“पाणघोडा जरी ओडी म्हणाला ना, तरी ही बया त्याला आत घेईल,” तिचा नवरा जायलोसी म्हणायचा. “वर विचारेल, कालवण अजून वाढू का?”

“रीत पाळून आला तर घेईन की. तुम्हांला नाही का घेतलं?”

जायलोसी खो खो हसायचा. तो घरजावई होता, आणि त्या काठावर सगळेच नवरे घरजावई असल्यामुळे त्याला त्याचं काही वाटत नसे. घर एलुबेचं, पोरं एलुबेच्या घराण्याची. थोरली एनिफा, जिचं तोंड झोपेतच काय ते बंद राही, आणि तिच्या पाठचे दोन जुळे, ज्यांना कुणीच नावाने हाक मारत नसे. एकाला बोलावलं तर दोघे येत, मग नावं कशाला वेगळी घ्यायची?

आणि आता तिसुंगे.

तिसुंगे एलुबेच्या धाकट्या बहिणीची मुलगी. पोरीला सांभाळीन असा एलुबेचा शब्द घेऊन बहीण तापाने गेली, आणि पोर कपड्यांचं गाठोडं घेऊन मोठ्या आईकडे आली. आईची बहीण म्हणजे आईच, त्यात विचारायचं काही नव्हतं. पण पोर आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती. जेवायला बसे, चिमूटभर न्सिमा बोटांत फिरवत राही आणि पाखराएवढं खाऊन उठे. गालांची हाडं वर आली होती.

घराण्याचा कर्ता ग्वाझामामा, एलुबेच्या आईचा भाऊ. तो मागच्याच आठवड्यात येऊन बजावून गेला होता.

“एलुबे, पोर तुझ्या घरी रुळत नाहीये. मका निघेपर्यंत बघतो. नाही खायला-बोलायला लागली, तर तिच्या बापाच्या माणसांकडे पाठवू. तंबाखूच्या मळ्यावर असतात ते.”

“मामा, बापाकडे? आपल्या घराण्याची पोर?”

“मेलेल्या पोरीपेक्षा दुसऱ्याच्या घरची जिवंत पोर बरी,” मामा म्हणाला. त्याचे डोळे ओले होते, म्हणून एलुबेला त्याच्यावर चिडताही येईना.

२

पावसाचे दिवस होते. जायलोसीच्या गळाला त्या दिवशी काम्पांगो लागला, चांगला हातभर. काळपट, बिनखवल्यांचा, लांब मिशांचा. ओसरीवर पोरांचं ताट मध्ये होतं, चौघांचे हात एकाच ताटात. जायलोसी बाजूला बसून बोटं चाटत होता, आणि पोट भरलं की त्याला बोलायला सुचायचं.

“या काम्पांगोसारखी आईबापं माणसांत नाहीत,” तो म्हणाला. “खडकाखाली वाळूत खळगा करतात, पिल्लं त्यात. बाप पहाऱ्याला. आणि आई काय करते माहितेय? स्वतःची गाबोळी सोडते पिल्लांच्या तोंडात. खा म्हणते.”

“ई!” जुळे एकदम म्हणाले.

“ई काय? तुमच्या आईची न्सिमा खाता ती? आणि गंमत ऐका. दुसरे मासे असतात ना लबाड, ते आपली पिल्लं गुपचूप आणून त्याच खळग्यात सोडतात. सांभाळ बाई, म्हणतात. काम्पांगो हाकलत नाही त्यांना. सगळी पोरं एकत्र.”

“किती चांगली!” एनिफा म्हणाली.

“चांगली आहेच, पण खुळी नाही. स्वतःची पिल्लं मध्ये ठेवते. परक्यांची पिल्लं कडेला. मोठा मासा हल्ला करायला आला, की आधी कडेचं गट्टम!” आणि त्याने जुळ्यांपैकी जवळच्याची बरगडी पकडली. जुळे किंचाळले, एनिफा हसली, एलुबेलाही हसू आलं.

मग तिला ताटातला तो हात दिसला. तिसुंगेचा हात जागच्या जागी थांबला होता. एलुबेने पहिल्यांदाच नीट बघितलं. जुळे मध्ये, एनिफा त्यांच्या अंगाला अंग लावून, आणि तिसुंगे ओसरीच्या पायरीवर, अर्धी आत, अर्धी बाहेर. झोपायच्या खोलीतही तिची चटई दाराकडची होती. कुणी मुद्दाम घातली नव्हती. ती शेवटी आली आणि जागा तेवढीच उरली होती. 

“काय बडबडता हो, तोंडाला काही कुलूप?” ती नवऱ्यावर खेकसली.

“अगं, मी माशाचं सांगतोय!”

चटई आजच आत घ्यायची, असं तिने ठरवलं. पण भांडी होती, शिवाय एका जुळ्याच्या पायात काटा मोडला. चुलीवर पाणी ठेवून ती राख लोटत होती, तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

“ओडी.”

आवाज बाईचा, खालच्या पट्टीतला. तोंडात पाण्याची चूळ धरून बोलावं तसा.

“ओडिनी!” एलुबे म्हणाली आणि राख लोटत राहिली.

जरा वेळाने तिने मान वर केली. अंगणात कुणी नव्हतं. वाट सरोवराकडे उतरत गेली होती, ओली आणि रिकामी.

३

सकाळी दाराकडची चटई ओली होती.

“तिसुंगेने मुतलं! तिसुंगेने मुतलं!” जुळ्यांनी नाच सुरू केला. एलुबेने दोघांना एकेक चापट दिली आणि चटई बाहेर आणून नाकाला लावली. मुताचा वास नव्हता. शेवाळाचा होता, आणि खडकांखाली हात घातल्यावर येतो तसला थंड वास. तिसुंगेचा झगा मात्र कोरडा ठणठणीत.

छप्पर गळत असेल, असं तिने ठरवलं. जायलोसी वर चढून बघून आला.

“गवत ठीक आहे. माझ्या हातचं छप्पर आहे ते, तुझ्या भावाच्या नाही.”

मग माठ पाझरत असेल. माठ खोलीच्या दुसऱ्या टोकाला होता, पण पाणी कुठूनही वाट काढतं. एलुबेने माठ बाहेर ठेवला. दुसऱ्या दिवशी चटई पुन्हा ओली. मग जमिनीतूनच ओल येत असेल, सरोवर जवळ आहे, पाऊस आहे. तिने चटईखाली राख पसरली. सकाळी राखेचा चिखल झाला होता, आणि चिखलात एक रुंद, गुळगुळीत वळण उमटलं होतं. भिजलेलं जड पोतं ओढत नेल्यावर उमटतं तसलं. तिने ते पायाने पुसून टाकलं. कुत्रा असेल, असं ती मनाशी म्हणाली. त्यांच्याकडे कुत्रा नव्हता, तेव्हा शेजाऱ्यांचा असेल.

दर संध्याकाळी, पळी भांड्यात फिरत असताना, ते ओडी येत होतं. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या गोंगाटात एलुबेला ते वेगळं ऐकूही येत नसे. ती आपली ओडिनी म्हणून मोकळी व्हायची.

खरं तर तिचं तिकडे लक्षच नव्हतं, कारण घरात आनंदाची गोष्ट घडत होती. तिसुंगेचे गाल भरायला लागले होते.

४

आधी गाल, मग दंड. एका सकाळी ती अंगणात बसून पायाच्या बोटांशी खेळताना गुणगुणत होती. एलुबेच्या हातातली बादली तशीच राहिली. सूर होता, शब्द नव्हते, पण सूर तरी होता! ती तडक शेजारच्या नाझिरीकडे गेली.

“ऐकलंस? माझी पोर गाते!”

“आता गाते, उद्या भांडेल,” नाझिरी म्हणाली. “काय खायला घालतेस गं?”

“काय घालणार? सगळ्यांना घालते तेच.”

हे बोलून एलुबे घरी परतली आणि वाटेत तिची चाल मंदावली. त्या संध्याकाळी तिने पोरांच्या ताटावरून नजर हलवली नाही. तिसुंगेचा हात ताटात जात होता, आणि रिकामा परत येत होता. तोंड हलत होतं, पण तोंडात घास नव्हता. खाल्ल्याचं नाटक करत होती पोर, मोठ्या आईला बरं वाटावं म्हणून.

मग हे अंग कशाने भरत होतं?

उजाडताना एलुबे हळूच खोलीत गेली. तिसुंगे दाराकडच्या ओल्या चटईवर गाढ झोपली होती, गाल लाल, ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी पिवळं चिकटलेलं. एलुबेने ते बोटाने टिपलं. जन्म काठावर गेलेला, तिला विचारावं लागलं नाही. गाबोळीचा दाणा होता. काम्पांगोच्या गाबोळीचा, ताजा.

तिसुंगेने डोळे उघडले. मोठ्या आईकडे बघून ती हसली, अगदी मनापासून, आणि मूठ पुढे करून उघडली. मुठीत पिवळे, पाणीदार दाणे होते. घे, असं ती डोळ्यांनी म्हणत होती. सगळी मी एकटीने नाही खाल्ली, तुझ्यासाठी ठेवली.

जायलोसी होडीवर गळ उलगडत होता. एलुबेने त्याला गाठून विचारलं, गाबोळी घरात आणली का. तो म्हणाला, कुठली गाबोळी, गाबोळीवाल्या माद्या आता खडकात पिल्लांवर बसल्यात. मग तिने सगळं सांगितलं. तो हसायला लागला, आणि हसता हसता अर्ध्यातच थांबला.

“मी आपलं माशाचं सांगत होतो,” तो म्हणाला.

“मका निघेपर्यंत घरात काम्पांगो आणायचा नाही,” एलुबे म्हणाली. “ऐकलंत?”

एरवी त्याने यावर चार विनोद केले असते. त्या दिवशी त्याने नुसती मान हलवली.

५

त्या संध्याकाळी एलुबेने जीभ दातांत धरून ठेवली. नाझिरी मीठ मागायला आली, तिला नुसती हाताने आत ये म्हणून खूण केली. नाझिरीला वाटलं, हिचा दात दुखतोय. ओसरीवर ताट मांडलं. वाळवलेली बारीक मासळी, टोमॅटो, न्सिमा. सगळे बसले. दिवा लावला.

“ओडी.”

या वेळी तिने ते नीट ऐकलं. आवाज पायरीपाशीच होता. पायरीवर कुणी नव्हतं. एलुबेने ओठ मिटून घेतले. जायलोसीने तिच्याकडे पाहिलं, त्यानेही ऐकलं होतं.

“ओडी,” पुन्हा आलं, अजिबात घाई नसल्यासारखं.

पोरं आईच्या तोंडाकडे बघायला लागली. कुणी ओडी म्हटलं आणि घराने उत्तर दिलं नाही, असं त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

“ओडिनी,” तिसुंगे म्हणाली.

क्षणभर कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एनिफाने किंकाळी फोडली.

“आई! ती बोलली! तिसुंगे बोलली!”

मग काय विचारता! जुळ्यांनी ताट वाजवायला घेतलं, न्सिमासकट. जायलोसी सगळी भीती विसरून उठला आणि तिसुंगेला खांद्यावर घेऊन ओसरीवर नाचायला लागला. नाझिरीने जीभ नाचवत लांब आरोळी दिली, तशी चार घरांतून उलट आरोळ्या आल्या, आणि बघता बघता अंगण भरलं. ज्याला त्याला एकच सांगायचं, पोर बोलली, पोर बोलली. कुणी ढोल आणला. एलुबे हसत होती आणि रडत होती. एवढा आनंद तिला बहीण गेल्यापासून झाला नव्हता.

काय बोलली, हे कुणी विचारलंच नाही.

ती डोळे पुसायला दाराकडे वळली. तिथे दिव्याचा उजेड पोचत नव्हता. तिच्या गालाला काहीतरी लागलं. मऊ, ओलं, दोऱ्याएवढं बारीक. मग दुसरं, कपाळाला. मग मानेला. आंधळी म्हातारी नवीन सुनेचा चेहरा बोटांनी चाचपून बघते, तसं ते तिच्या नाकाडोळ्यांवरून फिरलं. एलुबेला ओरडायचं होतं, पण बाहेर ढोल वाजत होता आणि ओरडलं असतं तरी लोकांना तो आनंदच वाटला असता. ते गालावरचे अश्रू टिपून मागे सरलं. खोलीतली दाराकडची चटई करकरली.

बऱ्याच वेळाने तिला हात वर करता आला. गाल ओला होता, पण तो आधीपासूनच ओला होता ना. असं म्हणून तिने मनाची समजूत घातली.

६

दुसऱ्या दुपारी मळभ होतं. मका निघायला लागला होता, आणि ग्वाझामामा संध्याकाळी येणार असल्याचा निरोप आला होता. एनिफा पाण्याला गेली होती. जुळे आणि तिसुंगे खोलीत निजले होते. पोरांना उठवावं म्हणून एलुबे बाहेरच्या उजेडातून आत शिरली, आणि डोळ्यांपुढे अंधार झाला.

अंधारात आधी आवाज होता. शांत, जड श्वासाचा. पोरांचा नव्हे.

मग तिला एक पाठ दिसली. काळी, ओली, बिनखवल्यांची, भिंतीपासून भिंतीपर्यंत अर्धगोल वळलेली. त्या वळणाच्या पोटाशी, अगदी मधोमध, तिसुंगे झोपली होती, अंगठा तोंडात घालून. तिच्या केसांवरून लांब मिशा हलके हलके फिरत होत्या. एवढ्या मायेने तिच्या केसांवरून कुणी हात फिरवलेला एलुबेने पाहिला नव्हता. तिने स्वतः तर नव्हताच फिरवला.

आणि वळणाच्या बाहेर, दाराच्या कडेला, उघड्या उंबऱ्याशी तिचे जुळे झोपले होते.

ती एक पाऊल पुढे आली. डोळे सरावले, खोली उजळली. खोलीत तीन पोरं होती, चार चटया होत्या आणि जमिनीवर पाणी होतं. जुळे मात्र खरंच उंबऱ्याशी होते. निजताना ते मधल्या चटईवर होते, हे तिने स्वतः पाहिलं होतं. तिने दोघांना असं काही उचललं, की ते जागे होऊन रडायलाच लागले.

७

जुळ्यांना मांडीवर घेऊन ती अंगणात बसली, आणि ते रडायचे थांबले तेव्हा तिला लाज वाटली. ती जी कोण होती, तिने चोरी केली नव्हती. रीतीने ओडी म्हणून आली होती. आणि आत आल्यावर तिला काय दिसलं? एक पोर कडेला ठेवलेली. तिने पोरीला मध्ये घेतलं, अंगचं खायला घातलं. एलुबेने बहिणीला शब्द दिला होता आणि पोरीला दिली होती दाराकडची चटई.

ती उठली. चारही चटया बाहेर काढल्या, खोली झाडली. मधोमध तिसुंगेची घातली, तिला लागून एनिफाची, जुळ्यांच्या आत भिंतीकडे. मग आपली चटई आणून दाराशी टाकली.

“मग मी कुठे झोपू?” जायलोसीने विचारलं.

“माझ्या बाहेरच्या बाजूला. बाप पहाऱ्याला असतो, तुम्हीच सांगितलंत ना?”

“आता माशाचं नावच काढणार नाही मी,” तो पुटपुटला, पण चटई घेऊन आला.

संध्याकाळी ग्वाझामामा आला. ओसरीवर बसला, पाणी प्यायला, कोवळी कणसं खाल्ली. पोरगी बोलल्याचं त्याच्या कानावर गेलं होतं, पण मामा ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवणारा नव्हता.

“इकडे ये गं,” त्याने तिसुंगेला समोर बोलावलं. “मला सांग, तू कुणाची?”

घराण्यातल्या प्रत्येक पोराला हा प्रश्न एकदा विचारला जातो. आणि त्याला पोराने स्वतः उत्तर द्यायचं असतं. तिसुंगे गप्प उभी राहिली.  आता ही बोलली नाही, तर उद्या गाठोडं बांधावं लागणार.

“ओडी.”

“कोण आलंय बघा,” मामा म्हणाला. “बोलवा की आत. या घरात रीत राहिली आहे की नाही?”

एलुबे उठली. तिसुंगेला उचलून तिने पोरांच्या मधोमध आपल्या मांडीवर घेतलं. न्सिमाचा घास मोडला, बोटांनी गोल केला, कालवणात बुडवला. मग रिकाम्या पायरीकडे बघून ती बोलली. 

“ओडिनी. ये बाई, ये. तू आलीस म्हणून माझी पोर जगली, तुला कसं नको म्हणू? पोटभर जेव. पण आजपासून ही मध्ये बसेल, माझ्या मांडीवर. माझी इतर पोरंही मध्येच. कडेला मी आहे. तू पाहुणी, पाहुणीच्या जागी बस.”

“कुणाशी बोलतेस गं?” मामा डोळे बारीक करून अंधारात बघायला लागला.

पायरीवरून पाणी ठिबकलं. दाराजवळ बसलेली एनिफा अंग चोरून सरकली आणि म्हणाली, कुठून तरी गार वारं येतंय. तिसुंगेने आधी दाराकडे पाहिलं, मग एलुबेकडे. बराच वेळ पाहिलं. मग तिने तोंड उघडलं आणि मोठ्या आईच्या हातातला घास खाल्ला. चावला, गिळला आणि पुन्हा तोंड उघडलं.

“कुणाची सांगू का?” ती मामाला म्हणाली. घोगरा, न वापरलेला आवाज. “हिची.” तिने एलुबेच्या छातीवर हात ठेवला. मग दाराकडे बोट केलं. “आणि तिची.”

मामाने बोटाच्या रोखाने पाहिलं. तिथे एनिफा बसली होती. म्हातारा मांडीवर थाप मारून हसला.

“आईची पण आणि थोरल्या बहिणीची पण! हिला सांभाळायला दोघीदोघी, मग मी कशाला मधे पडू? पोर इथेच राहील.”

एलुबेने पोरीच्या केसांत तोंड खुपसलं. केसांना शेवाळाचा वास होता. तिने तो खोल आत ओढून घेतला.

८

त्यानंतर चटई कधी ओली झाली नाही. पाऊस संपला, सरोवर निवळलं, आणि जायलोसी म्हणाला की खडकातली पिल्लं मोठी होऊन आपापल्या वाटेने गेली असतील. मग त्याला आठवलं, माशाचं नाव काढायचं नाही, आणि त्याने जीभ चावली.

तिसुंगे आता सगळं बोलायची. नाझिरीचं खरं झालं, ती भांडायचीही. जुळ्यांना ती नावाने हाक मारे, त्यामुळे घरात पहिल्यांदाच एकाला बोलावलं की एकच येऊ लागला. ताटात तिचा हात सगळ्यांत आधी पडे. एलुबे तिच्या खादाडपणाच्या तक्रारी वस्तीभर सांगत फिरायची, आणि त्या तक्रारी ऐकून बायका हसायच्या. इतकं सुख त्या घराने आधी पाहिलं नव्हतं.

अशीच एक संध्याकाळ. चुलीवर भांडं, हातात पळी, न्सिमा घट्ट व्हायला आलेली. ओसरीवर पोरांचा कालवा.

“ओडी.”

“ओडिनी!” एलुबे म्हणाली आणि घोटत राहिली.

मग तिचा हात थांबला. आवाज ओला होता, तोंडात चूळ धरल्यासारखा. पण बाईचा नव्हता. बारीक होता. नुकत्याच बोलायला शिकलेल्या लहान मुलाचा.

दूर खाली सरोवरात काहीतरी जड वळलं आणि पाणी पुन्हा शांत झालं. कुणीतरी आपलं पोर या घरात सोडून परत चाललं होतं. कडेला मी आहे, हे जिने ऐकलं होतं, तिने ते लक्षात ठेवलं होतं.

एलुबेने ओसरीकडे पाहिलं. एनिफा होती, दोघे जुळे होते, तिसुंगे मधोमध होती, गाल घासाने फुगलेले. पायरीवर, दिव्याचा उजेड संपतो तिथे, ताटाच्या कडेशी काहीतरी लहानसं, काळं, ओलं येऊन बसलं होतं. त्याच्या बारीक मिशा ताटाच्या काठावर बिचकत फिरत होत्या.

 एलुबेने भांड्यात अजून मूठभर पीठ टाकलं.

तिसुंगेने घास गिळला, जुळ्यांना कोपराने बाजूला ढकललं आणि आपल्या शेजारची जागा हाताने थोपटली.

“कडेला नको बसू,” ती म्हणाली. “इथे मध्ये ये.”